फेताईच्या छपराची वळचण

गेल्या वादळाने फेताईचं छप्पर नेलं, तेव्हा तिच्या नवऱ्याला आम्ही चटईत घालून चर्चमध्ये नेलं. इओसेफोचे पाय कधीचेच गेलेले. वाटभर तो तोंडावर पाऊस घेत वर बघत होता; एकदाही कण्हला नाही. पुन्हा असं उचलून नेणं त्याला सोसणार नाही, हे कुणी बोललं नाही, पण सगळ्यांना दिसलं. म्हणून नवं छप्पर वाऱ्याचे महिने लागायच्या आत व्हायला हवं होतं, आणि टिकायला हवं होतं.

उसाच्या पाल्याचं छप्पर थंड असतं. पण सवाई बेटाच्या आमच्या बाजूला नुसता काळा खडक, त्यात पाणी ठरत नाही. पत्र्यावरून टाकीत उतरेल तेच प्यायचं. तेव्हा पत्रा ठरला. भाजलेलं डुक्कर घेऊन फेताई पेनिआमिना मिस्त्रीकडे गेली. त्याने डुक्कर घेतलं, म्हणजे काम घेतलं.

वासे चढले आणि वाद सुरू झाला. आमच्या घरांना भिंती नसतात, नुसते खांब; म्हणून फेताईला वळचण लांब हवी होती.

"मिस्त्री, दुपारचं ऊन थेट ह्यांच्या खाटेवर येतं. हातभर तरी पुढे काढा."

"मागचीही हातभर होती ना, बाई? वाऱ्याला तेवढीच मूठ लागते धरायला."

"अहो, पण माणूस भाजून निघतो."

"भाजलेला माणूस घरात तरी राहतो."

पेनिआमिनाची जीभ अशीच. फेताई इओसेफोला वारा घालायला गेली. पण दुसऱ्या दिवशी तिने शेजारच्या गावच्या उईली सुताराला हाक मारली. "नुसतं बघून जा रे भाऊ, वळचण जरा लांबवता येईल का." उईलीला वाटलं, घर तिची भाचरंच बांधताहेत; वर कोण बसलंय ते त्याने पाहिलं नाही. त्याने एका वाशावर हात ठेवला, हलवून पाहिला.

पेनिआमिना आढ्यावर बसला होता. तो खाली उतरला. हत्यारं टोपलीत भरली, माणसांना हाक मारली आणि गेला. आवाज चढवला नाही. उईलीच्या लक्षात आलं तसा त्याने वाशावरचा हात असा काढला, जणू तो तापलेला होता.

"फेताई, कुणाचं काम आहे ते सांगायचं होतंस गं! आता ह्या घराला मीही शिवणार नाही, आणि दुसरा कुणीही नाही."

आमच्याकडे एका मिस्त्रीने अर्धं टाकलेलं घर दुसरा हातात घेत नाही. फेताई ह्याच रीतीत वाढलेली. पण इओसेफोच्या कपाळावरचा घाम पुसता पुसता ती रीत तिच्या मनातून निसटली होती.

वासे उघडे राहिले. त्यांच्या सावल्या दिवसभर खाटेवरून सरकत. वारा वायव्येकडे वळू लागला तेव्हा फेताईने आईची बारीक विणीची चटई काढली. आमच्याकडे मोठ्या गुन्ह्याची माफी मागणारा अशी चटई पांघरून समोरच्याच्या दारात बसतो; त्याने ती उचलली की माफ केलं.

शेजारची म्हातारी म्हणाली, "अगं, चटई पांघरून दारात बसायला तू काय खून केलायस?"

"छप्पर नाही माझ्याकडे, मावशी. चटई आहे."

पहाटे ती पेनिआमिनाच्या घरासमोर मान खाली घालून, चटई पांघरून बसली. पाऊस आला. आतून कुणी हाक मारली नाही. चहाचा वास आला, मुलं शाळेत गेली, कोंबड्या तिच्याभोवती टोचत राहिल्या. मग दोन पाय समोर येऊन थांबले आणि चटई उचलली गेली.

"भिजली की सगळी," पेनिआमिना म्हणाला. तिच्याबद्दल की चटईबद्दल, ते कळलं नाही. "आत ये. चहा घे."

"चुकले, मिस्त्री."

"चुकलीस. वळचण आखूडच राहील."

"राहू दे."

तो परत आला. पत्रे खिळ्यांनी न मारता स्क्रूने आवळले, वळचण वीतभरच ठेवली. शेवटच्या दिवशी पश्चिमेच्या खांबांमध्ये त्याने नारळाच्या झावळ्यांचे विणलेले पडदे स्वतः टांगले. गाठी सरकफासाच्या होत्या, एक टोक ओढलं की सुटणाऱ्या.

"ऊन असेल तेव्हा सोड. वारा आला की काढ. सावली छपराला बांधून ठेवायची नसते, बाई."

जानेवारीत वारा आला. फेताईने पडदे काढून खाटेखाली सरकवले. रात्रभर पत्रा कण्हत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेलो तेव्हा टाकी भरून वाहत होती आणि इओसेफो वर बघत होता; तोंडावर पावसाचा थेंबही नव्हता.

"पडदा सोड गं," तो म्हणाला. "ऊन येतंय."