डावीकडचे केस

महागाचा शाम्पू चांगला की स्वस्तातला, या प्रश्नाने चिमटीबाईंची झोप कधी उडाली नव्हती. कोपऱ्यावरच्या दुकानात सगळ्यांत खालच्या फळीवर जी हिरवी बाटली असते ती त्या आणत, आणि संपली की तसलीच दुसरी आणत. केस मात्र चौसष्टाव्या वर्षीही एका मुठीत मावायचे नाहीत. पांढरे झाले होते, पण जागा सोडून गेले नव्हते.

त्यांच्या मुलीला हे पटायचं नाही. ती सातासमुद्रापार राहायची आणि कोणी येणारं-जाणारं सापडलं की त्याच्या गळ्यात सोनेरी झाकणाच्या बाटल्या मारायची. "आई, एकदा लावून तर बघ," हे ती दर रविवारी फोनवर सांगायची. बाई हो हो म्हणायच्या. बाथरूमच्या फळीवर अशा पाच बाटल्या जमल्या होत्या, एकीचंही सील फुटलेलं नव्हतं. चांगली वस्तू कोणासाठी फोडायची, हा बाईंचा जुना प्रश्न होता, आणि घरात उत्तर द्यायला दुसरं कोणी नव्हतं.

चिमटी हे नाव कापडगिरणीतलं. एकतीस वर्षं त्या कापड तपासायच्या. खालून दिवा लावलेल्या काचेच्या टेबलावरून कापड सरकत जायचं, बाकीच्या बायका डोळे फाडून बघायच्या, आणि या खुशाल समोरच्या भिंतीकडे बघत दोन बोटांच्या चिमटीतून कापड जाऊ द्यायच्या. मध्येच हात थांबायचा. तिथे धागा जाड आलेला असायचा, किंवा एखादा सुटलेला. एकदा फोरमनने घाईघाईत एक गठ्ठा पास करा म्हणून गळ घातली. बाईंनी शिक्का त्याच्या हातात दिला आणि म्हणाल्या, तुम्हीच मारा, माझी बोटं नाही म्हणतायत. फोरमनने मारला नाही. गिरणी पुढे बंद पडली, पण बोटांचा हा ताठा काही गेला नाही.

नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती. या अकरा वर्षांत बाईंना माणसाचा हात लागला तो रक्तदाब बघणाऱ्या डॉक्टरांचा, आणि वर्षाकाठी दोनदा केसांची टोकं कापून देणाऱ्या बाईचा. ती केस कापणारी बोलघेवडी होती. तिनेच सांगितलं की शाम्पूची परीक्षा घेणारी एक प्रयोगशाळा आहे, त्यांना साठीच्या पुढची, दाट केसांची डोकी हवी आहेत. जाण्यायेण्याचा खर्च देतात, चहा देतात, आणि डोकं फुकट धुऊन देतात. बाई म्हणाल्या, माझं डोकं काय भाड्याने द्यायचं आहे का? आणि दुसऱ्याच दिवशी गेल्या.

तिथली पद्धत अशी. कपाळापासून मानेपर्यंत कंगव्याने सरळ भांग पाडायचा आणि डोक्याचे दोन भाग करायचे. डावा भाग एका बाटलीने धुवायचा, उजवा दुसरीने. बाटल्यांवर नुसते आकडे. आतला माल महागाचा की स्वस्तातला, हे धुणारीलाही ठाऊक नसायचं. पाणी मोजून कोमट, शाम्पू मापाच्या चमच्याने, आणि दोन्हीकडे एकाच हाताने तीस-तीस वेळा चोळायचं, एक जास्त नाही की कमी नाही. धुताना बोलायचं नाही. घरी केस धुवायचे नाहीत, काही लावायचं नाही, रात्री बांधायचे नाहीत, मोकळे सोडून झोपायचं. मंगळवारी आणि शुक्रवारी असं आठ आठवडे. दर शुक्रवारी एक कागद भरायचा. त्यावर प्रश्न एकच होता: कोणत्या बाजूचे केस जास्त चांगले वाटतात? डावी, उजवी, फरक नाही.

धुणारी चाळिशीची, अबोल बाई होती. ती मान हलकेच मागे घेऊन बेसिनवर टेकवायची आणि मानेखाली टॉवेलची घडी सारायची. मग मनातल्या मनात आकडे मोजत चोळायला लागायची. ओठ तेवढे हलायचे. पहिल्या मंगळवारी बारा-तेरा वेळा हात फिरला असेल, तेवढ्यात चिमटीबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. रडण्यासारखं काही नव्हतं. धुणारीला वाटलं, फेस गेला डोळ्यांत. तिने टॉवेलच्या टोकाने डोळे पुसले, आणि कितीपर्यंत आलो होतो ते विसरून गेली. मग पुन्हा एकपासून सुरुवात केली. बाईंना एवढं सुख कित्येक वर्षांत झालं नव्हतं, आणि ते त्यांनी स्वतःपाशी कबूलही केलं.

डावीकडे तीस, उजवीकडे तीस. मंगळवारचे साठ आणि शुक्रवारचे साठ. आठवड्याचे उरलेले पाच दिवस बाई या एकशेवीसांवर काढायला लागल्या.

पहिल्याच शुक्रवारी कागद पुढे आला आणि बाईंनी दोन्हीकडची एकेक बट चिमटीत धरली. डावीकडचे केस मऊ होते. केसाएवढाच फरक होता म्हणा, पण होता. त्या 'डावी' वर खूण करणार, इतक्यात शेजारी बसलेल्या बाईने त्यांना कोपराने डिवचलं. ती पूर्वी बसमध्ये कंडक्टर होती आणि जगाला तिकीट देऊन मोकळी झाल्यासारखी बोलायची.

"अहो, फरक सापडला की यांचं काम संपलं. मग तुम्ही तुमच्या घरी," ती हळूच म्हणाली. "फरक नाही लिहा. जितकं कळत नाही तितकं लांबवतात."

बाईंचा हात थांबला, गिरणीत थांबायचा तसाच. त्यांनी 'फरक नाही' वर खूण केली.

असे सात शुक्रवार गेले. डावी बाजू दर आठवड्याला थोडी आणखी मऊ लागायची आणि बाई दर आठवड्याला मूग गिळून बसायच्या. खोटं बोलायची सवय नसली की साधी खूण करतानाही हाताला घाम येतो. जिन्यात भेटणारे शेजारी विचारायचे, मग काय, महागाचा की स्वस्तातला? औषधाच्या दुकानातला माणूस म्हणायचा, सगळं पाण्यावर असतं. केस कापणारी म्हणायची, सगळं नशिबावर असतं. बाई म्हणायच्या, अजून चाललंय.

आठव्या शुक्रवारी प्रयोगशाळेच्या मॅडम स्वतः बाहेर आल्या. तिशीची मुलगी, पांढरा कोट, बोलायला गोड. नव्याने आलेल्या दोन बायकांना तिने चिमटीबाईंकडे बोट दाखवून सांगितलं की या मावशींनी एकतीस वर्षं कापड तपासलंय, यांच्या बोटांवर आमचा सगळ्यांत जास्त भरवसा आहे. बाईंना तोंडात मारल्यासारखं झालं. फोरमनला जे दिलं नाही ते आपण सात आठवडे या पोरीला देत आलो, खोटा शिक्का, असं त्यांना वाटलं. त्या दिवशी त्यांनी कागद ओढला आणि 'डावी' वर खूण केली. खाली कोणी विचारलं नसताना लिहिलं: स्पष्ट फरक आहे. पहिल्यापासून होता. मग मंगळवार आता आपला नाही, हे मनाशी पक्कं करून घरी आल्या.

मंगळवारी मॅडमनी निरोप पाठवून त्यांना बोलावून घेतलं. समोर खुर्ची दिली, पाणी दिलं. एवढं आदरातिथ्य बघूनच बाईंना धडकी भरली. मॅडम म्हणाल्या की तुमच्या दोन्ही बाटल्यांत शाम्पू एकच होता. काही जणांना मुद्दाम असं देतात, ज्यांना नसलेला फरक जाणवतो त्यांना पुढच्या चाचण्यांतून गाळता यावं म्हणून.

"सात आठवडे तुमचं उत्तर बरोबर होतं, मावशी," त्या हळहळून म्हणाल्या. "शेवटीच कसं असं झालं?"

खोटं लिहिलं तेव्हा बरोबर ठरलं, खरं लिहिलं आणि नापास झालो.  मग बाईंनी विचारलं, महागाचा होता की स्वस्तातला? मॅडमना ते सांगायची परवानगी नव्हती. एकच होता, एवढंच त्या म्हणाल्या.

साठ-साठ हात गेले ते गेलेच, पण आता बोटांवरही डाग आला. ते बाईंना जास्त झोंबलं. घरी येऊन त्यांनी बोटांची उलटतपासणी घेतली. पडद्यात जुना सुटलेला धागा होता, तो डोळे मिटून सापडला. नव्या टॉवेलात विणकामाची चूक होती, तीही सापडली. बोटं शाबूत होती. आणि केस चिमटीत धरले तर डावीकडचे अजूनही मऊच. बोटं खरी आणि बाटल्याही खऱ्या, मग खोटं काय, या विचाराने त्यांना जेवण गोड लागेना.

शुक्रवारी सकाळी त्या अंथरूण आवरत होत्या. पलंग दोघांचा होता, आवरायची अर्धी बाजूच लागायची. त्यांची जागा भिंतीकडची, नवऱ्याची खिडकीकडची. दोन्ही उश्यांचे अभ्रे एकाच दिवशी, एकाच कापडातून शिवलेले. शिलाई त्यांनीच घातली होती. आपली उशी झटकताना त्यांचा हात थांबला. त्यांनी अभ्रा चिमटीत धरला. भिंतीकडच्या बाजूला कापड खरखरीत झालं होतं, बारीक गोळे आले होते, आणि दोन पांढरे केस त्यात गुंतले होते. मग पलंगावरून वाकून त्यांनी नवऱ्याच्या उशीचा अभ्रा धरला. कापड तेच, पण जसं शिवलं तसं गुळगुळीत.

बाई पलंगाच्या काठावर बसल्या. भिंतीकडे तोंड करून, उजव्या कुशीवर, रात्रभर, रोज. आणि गेले आठ आठवडे केस मोकळे. उजवीकडचे केस उशीवर घासले जात होते, डावीकडचे नाही. शाम्पू बिचारा कशातच नव्हता.

नवरा होता तेव्हा त्या डाव्या कुशीवर झोपायच्या, त्याच्याकडे तोंड करून. तो गेल्यावर पहिल्या रात्री त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं ते फिरवलंच.

अभ्रा पिशवीत घालून त्या तडक प्रयोगशाळेत गेल्या. मॅडमच्या टेबलावर तो पसरला आणि त्यांची बोटं खरखरीत जागेवर नेऊन ठेवली. मॅडम आधी चक्रावल्या, मग त्यांचा चेहरा खुलला. तुमची बोटं बरोबर होती, मावशी, आमचा कागद चुकीचा होता, असं त्यांनी मोकळेपणी मान्य केलं. कोणत्या कुशीवर झोपता, हा प्रश्न आता कागदावर घालायचा, म्हणून लगेच टिपून घेतलं. बाईंना वाटलं, आता बोलावतील बेसिनकडे. त्यांनी केसांच्या पिनासुद्धा काढायला घेतल्या.

पण दोन बाजू आधीच वेगळ्या असलेलं डोकं चाचणीला चालत नाही, असं मॅडमनी समजावलं. आधी त्या सारख्या व्हायला हव्यात.

"फार काही नाही करायचं. तीन महिने दुसऱ्या कुशीवर झोपा, मग या. मी तारीख घालून ठेवते," मॅडम म्हणाल्या. "नुसती कूस तर बदलायची आहे."

बाई उठल्या. धुणारी दारापाशी टॉवेल घड्या करत उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं. आज धुणं नव्हतं, त्यामुळे बोलायला बंदी नव्हती.

"त्या कुशीवर कधीपासून झोपता?" तिने विचारलं.

"अकरा वर्षं झाली."

धुणारीने बाईंच्या हातातल्या पिना घेतल्या, सुटलेली बट वर घेऊन नीट खोवली, आणि तीन महिन्यांनी मी इथेच असेन, एवढं म्हणाली.

घरी पोचतात तोवर मुलीचा फोन आला. चाचणीचं काय झालं, कोण जिंकलं, महागाचा ना, असं तिने एका दमात विचारलं.

"दोन्हीकडे एकच होता गं," बाई म्हणाल्या.

"मग इतके आठवडे तू तिथे काय केलंस?"

"केस धुऊन घेतले."

मुलगी हसली. आता तरी मी पाठवलेली बाटली फोड म्हणाली. बाई हो म्हणाल्या. तीन महिने दुसऱ्या कुशीवर झोपायचं आहे, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. कारण सांगावं लागलं असतं, आणि ती इतक्या लांबून काय करणार होती.

दुपारी थोडं आडवं व्हायची त्यांची वेळ झाली. अभ्रा पुन्हा उशीवर चढवला. केस मोकळे सोडले. आजपासूनच सुरुवात करू, रात्रीपेक्षा दुपारी जमेल, असा हिशेब करून त्या डाव्या कुशीवर वळल्या.

समोर नवऱ्याची उशी होती. अकरा वर्षांत ती त्यांनी उभ्याने पाहिली होती, आवरताना, झटकताना. आडवं पडून तिच्या पातळीवरून कधी पाहिली नव्हती. झोपून बघितलं की ती फार जवळ होती. तिच्या पलीकडे खिडकी होती, उजेड होता, आणि मध्ये कोणी नव्हतं.

धुणारीसारखे मनात तीस मोजायचे आणि डोळे मिटायचे, असं त्यांनी ठरवलं. ओठ हलायला लागले. तीस झाले. साठ झाले. एकशेवीस झाले, तरी डोळे उघडेच होते आणि उशी दिसत होती. पण बाईंनी कूस बदलली नाही.