मासेवालीची तीट

माझ्या तान्ह्या लेकीचं वजन काही केल्या वाढेना. दर आठवड्याला तिला घेऊन मी पळसदेवहून एसटीनं इंदापूरला डॉक्टरांकडं जायचे. स्टॉपवर एक मासेवाली बसायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. आम्ही दिसलो की ती साबणानं हात धुवायची, पदराला पुसायची आणि लेकीला उचलून हातावर जोखायची.

"हलकंच हाय की गं पोर," म्हणायची आणि परत द्यायची. मला राग यायचा.

एकदा मी म्हटलं, "मावशी, आज घाईत हिला तीट लावायची राहिली."

"ऱ्हाऊ दे. दृष्ट लागायला अंगावर काय तरी पायजे."

त्या दिवशी मी बसमध्ये रडले.

पुढं डॉक्टरांकडच्या सिस्टरनं मला शेजारी बसवून नीट पाजायला शिकवलं. काही आठवडे गेले. एका सकाळी मावशीनं लेकीला उचललं आणि तिचे हात जरा खाली गेले. तिनं आजूबाजूच्या बायकांकडं पाहिलं.

"हलकंच हाय अजून," ती मोठ्यानं म्हणाली. मग स्वतःच्या डोळ्यातलं काजळ बोटावर घेऊन तिनं लेकीच्या कानामागं गुपचूप टेकवलं.

एसटी आली. त्या दिवशी वजनकाट्याची मला घाई नव्हती.