थापडीचा खळगा

“फोडू काय?” असं विचारतच तो आमच्या पांढुर्ण्याच्या छापखान्यात कॉम्प्युटरसमोर बसायचा. अक्षरं बिघडली की उत्तराची वाट न पाहता यंत्राच्या पत्र्यावर सणसणीत थापड. कधीकधी पडदा खरंच ताळ्यावर यायचा.

“पाह्य! मार खाल्ल्याबिगर कोनी ऐकत नाही बे.”

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, माया करतानाही पाठीत बुक्की घालणारी. तो सावरगावचा, मी पांढुर्ण्याचा. वर्षभर एका ताटात जेवायचो आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गोटमारीच्या जत्रेत, जाम नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगड फेकायचो. नंतर तो कपाळाची पट्टी दाखवायचा. “तुह्याच हातचा ना हा? नेम सुधारला लेका!”

नव्वदचं दशक सरत होतं. एका गोटमारीत गोफणीच्या दगडानं त्याच्या धाकट्या भावाचा डोळा फुटला. तेव्हापासून एकच धोशा : “हातानं मार ना. गोफन कायले?”

पुढच्या पोळ्याला गोफणीविरुद्ध पत्रक वाटायचं त्यानं ठरवलं. भावाचा डोळा दाखवायला नागपूरला गेला, तिथंच कुणाकडून तरी टाइप करून फ्लॉपी आणली. पोळ्याच्या दिवशी मी मजकूर आमच्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवला. मराठीच्या जागी चौकोन, डॉलर, प्रश्नचिन्हं. तिथला फॉन्ट आमच्याकडं नव्हता.

त्यानं अशी थापड मारली की पत्र्याला खळगा पडला. अक्षरं तशीच.

“चाल, मी सांगतो. तू नव्यानं हान.”

“थांब ना बे, जमवून राहिलो.”

मजकूर चार ओळींचा होता. पण मला ते कोडं सोडवायचंच होतं. अख्खी दुपार एकेक चौकोन बदलत बसलो. संध्याकाळी लाईन गेली, ती सकाळपर्यंत आली नाही.

“राहू दे,” तो म्हणाला. “कागद नाही त तोंड आहे ना.”

दुसऱ्या दिवशी तो नदीत गुडघाभर पाण्यात उभा राहिला. “गोफन खाली ठेवा बे!” एकदा त्या काठाकडं, एकदा आमच्याकडं. दगड दोन्हीकडून येत होते. माझ्याही मुठीत एक होता. तो मी टाकला आणि पाण्यात उतरलो. गोफणीचा दगड घोंगावत येतो. तो मला ऐकू आला. त्याच्या कानशिलावर बसला. मी पोचलो तेव्हा तो पालथा पडला होता आणि भोवतीचं पाणी लाल होत चाललं होतं. दवाखान्यापर्यंत तो टिकला नाही.

त्या चार ओळी मी दर पोळ्याला नव्यानं टाइप करतो आणि दोन्ही काठांवर वाटतो. जुनं यंत्र केव्हाच बंद पडलं, पण टाकलं नाही. कुठं अक्षरं बिघडली की हात आपोआप त्याच्या पत्र्याकडं जातो. खळग्यात तळवा ठेवतो. मारवत नाही.