मिरचीचं सत्र आणि मधली खुर्ची

राष्ट्रीय अधिवेशन आटोपतं, मांडव निघतो, बॅनर उतरतो, आणि मागे किस्से उरतात. आमच्या स्टाफरूममध्ये हल्ली चहाबरोबर तेच चालतात. ऐकणारे पोट धरून हसतात. आम्ही तिघं, म्हणजे वनस्पतिशास्त्राचे बागूल सर, संख्याशास्त्राचे शकील सर आणि रसायनशास्त्राची मी, जरा बेतानेच हसतो. हे सगळं घडत होतं तेव्हा आम्हाला हसू सुचत नव्हतं.

*

सुरुवात झाली ती बागूल सरांच्या चांगुलपणातून. आमच्या विज्ञान संस्थेचं आधीचं अधिवेशन परराज्यात होतं. निघताना सर भेटेल त्याला म्हणत होते, "या एकदा नंदुरबारला." आपण निरोप घेताना म्हणतो तसंच.

काही आठवड्यांनी मेल आली. नंदुरबारचं निमंत्रण कार्यकारिणीने आनंदाने स्वीकारलं होतं. शिवाय आंतरशाखीय सत्र, म्हणजे सगळ्या शाखांनी मिळून एकाच विषयावर बोलायचं, त्याची आखणीही यजमानांनीच करायची होती.

सरांनी मेल उभ्यानेच वाचली आणि खाली बसले. "मी नुसतं या म्हटलं होतं."

शकील सर शांतपणे अहिराणीत म्हणाले, "सर, त्या तर ई ऱ्हायनात." म्हणजे, ते तर येताहेत.

*

विषय ठरवायची पहिली बैठक फार वाईट गेली. प्रत्येक विभागप्रमुखाला सत्र आंतरशाखीयच हवं होतं, फक्त विषय आपल्या शाखेचा हवा होता. भौतिकशास्त्राचे सर तर म्हणाले, "बाकीच्यांना दहा-दहा मिनिटं देऊ ना शेवटी, जेवणाआधी."

बागूल सर खिडकीशी जाऊन उभे राहिले. मला वाटलं, आता राजीनामा देतात. शकील सरांच्या घरी तीन पिढ्यांचा मिरचीचा व्यापार. ते म्हणाले, "मिरचीच घेऊ. माती तिला लागते, कीड तिच्यावर पडते, रंग-तिखट रसायनाचं, भाव संख्याशास्त्राचा, आणि खोकला डॉक्टरांचा."

नाही म्हणायला कुणाला जागाच नव्हती. संस्थेच्या दिल्ली कार्यालयातून तेवढा एक फोन आला, "हा खाद्यमहोत्सव तर नाही ना?"

*

वक्त्यांना एकमेकांचं बोलणं कळावं म्हणून आम्ही ऑनलाइन तालीम ठेवली. एक मृदाशास्त्राचे, एक कीटकशास्त्राचे, एक समाजशास्त्राच्या मॅडम. कीटकशास्त्राचे प्राध्यापक अर्धा तास बोलले. त्यांच्या थांबण्याची वाट बघून मॅडम अगदी आदबीने म्हणाल्या, "सर, हेच जरा मराठीत सांगाल का?"

ते मराठीतच बोलत होते.

त्या दिवसापासून बागूल सर बीपीची गोळी शर्टाच्या खिशात ठेवू लागले.

*

मग संस्थेचे उपाध्यक्ष पाहणीला आले. त्यांना सगळं पसंत पडलं नाही तर सत्र रद्द, असं आधीच कळवलेलं. हॉल पाहिला, निवास पाहिला, तोंडावरची रेष हलली नाही. शेवटी आम्ही त्यांना गावाबाहेर पथारीवर नेलं. मिरची वाळत घालतात ती मोकळी जागा, नजर पोचेल तिथपर्यंत लाल.

गाडीचं दार उघडलं आणि उपाध्यक्षांना शिंका सुरू झाल्या. त्या थांबेचनात. नाकाला रुमाल लावून, डोळे पुसत त्यांनी कसंबसं विचारलं, "इथे नेहमी असंच असतं?"

"नाही सर," शकील सर म्हणाले, "आज वारा कमी आहे."

परतताना उपाध्यक्ष एकच वाक्य बोलले. "छातीच्या डॉक्टरांना जास्त वेळ द्या."

*

खरी काळजी तिथून सुरू झाली. छातीचे डॉक्टर म्हणजे नाशिकचे डॉ. चौधरी. आणि मातीवर बोलणारे मृदाशास्त्रज्ञ, तेही चौधरी. दोघं तापीकाठच्या एकाच घरातले, सख्खे भाऊ. मी त्यांची नावं वेगवेगळ्या दिवशी नक्की केली होती, मला पत्ताच नव्हता.

बागूल सरांनी कार्यक्रमपत्रिका पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. "मॅडम, ह्या दोघांचं बोलणं बंद आहे. वर्षं झाली. कशावरून, ते त्यांच्या गावातही कोणी नीट सांगत नाही. लग्नकार्यात एक आला की दुसरा मागच्या दाराने जातो."

मी थोरल्यांना, म्हणजे मृदाशास्त्रज्ञांना, फोन केला. "सत्रात तुमचे भाऊ पण आहेत," म्हटलं. ते म्हणाले, "माझी वेळ किती वाजताची?" धाकट्यांनीही तेवढंच विचारलं. कोणीच नाही म्हणालं नाही, त्यामुळे आमची चिंता आणखी वाढली.

शेवटी तोडगा निघाला. सत्राध्यक्ष सुरतेहून येणार होते, वजनदार माणूस, देहानेही. त्यांची खुर्ची दोघांच्या बरोबर मधोमध.

*

सत्राच्या सकाळी सत्राध्यक्षांचा फोन. "मी स्टेशनवर उभा आहे. घ्यायला कोणीच नाही."

बागूल सर तर नंदुरबारच्याच फलाटावर उभे होते. इकडे पळाले, तिकडे पळाले. धापा टाकत म्हणाले, "सर, तुमच्या समोर पाटीवर काय लिहिलंय?"

"न... नवापूर."

पहिलं अक्षर वाचून ते उतरले होते. शकील सरांनी नवापुरातल्या मेहुण्याला फोन लावला. त्याच्याकडे त्या घडीला एकच गाडी मोकळी होती, पोल्ट्रीची. सत्राध्यक्ष ड्रायव्हरशेजारी बसून निघाले, पण सत्र सुरू व्हायच्या आत पोचणं शक्य नव्हतं.

बागूल सरांनी फोनवरच मला सांगितलं, "मॅडम, मधे तुम्ही बसा."

*

मी बसले. डावीकडे थोरले चौधरी सर, उजवीकडे धाकटे डॉक्टर. दोघांनी एकमेकांकडे पाहिलंही नाही. हॉल भरलेला. निम्म्या जिल्ह्याला ही भानगड ठाऊक असावी, कारण मागच्या रांगांत प्राध्यापकांपेक्षा पाहुणेरावळेच जास्त दिसत होते.

आधी थोरले बोलले. मिरचीखालची काळी जमीन, क्षार, निचरा. विषय उत्तम मांडत होते, पण मधे मधे खोकत होते. थांबायचे, तोंडावर मूठ धरायचे, पुन्हा सुरू करायचे. माझ्या उजवीकडे डॉक्टरांनी टिपणं काढणं थांबवलं. पेन खाली ठेवलं. डोळे मिटून बसले. मला वाटलं, मुद्दाम अपमान करताहेत.

व्याख्यान संपलं. नियमाप्रमाणे पुढचा वक्ता आधीच्याला एक प्रश्न विचारणार होता. सत्र आंतरशाखीय व्हावं म्हणून हा नियम मीच केला होता. आता तो वगळावा म्हणून मी माइक ओढायला गेले, तोवर डॉक्टरांनी तो घेतला होता.

दारात बागूल सर येऊन उभे होते, खिसा चाचपत.

डॉक्टरांनी इंग्रजीत सुरुवात केली. "माय क्वेश्चन टू द स्पीकर..." आणि थांबले. मग माझ्या खुर्चीच्या मागून वाकून, थेट थोरल्यांकडे पाहत घरच्या अहिराणीत म्हणाले, "दादा, हाऊ खोकला कधीपाईन शे?"

थोरले सर कागद जुळवत होते. ते जुळवतच राहिले.

"दिवाळीपाईन," ते म्हणाले. "कोनले सांगू?"