उलटी उशी

आमच्या आक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, एक खोड होती. कुणाकडेही गेली की टेबलावरचं भरतकाम उलटून त्याची पाठ बघायची. "पुढून काय, सगळीच फुलं हसतात. पाठ बघितली की बाई कळते," म्हणायची. त्यापायी दोन-तीन घरांतला तिचा चहा कायमचा बंद झाला, ते असो.

जुनी भरतकामाची कापडं सांभाळायची, हेच तिचं काम. लोक विरलेले पलंगपोस, पिवळे पडलेले अभ्रे आणून द्यायचे. लाल दोऱ्यावर ती आधी ओलं पांढरं फडकं दाबून बघायची, रंग सुटतोय का. मग गार पाण्यात भिजवणं. पिळायचं नाव नाही. टॉवेलात गुंडाळून तान्ह्या बाळासारखं थोपटायचं. फाटक्यातली शाबूत फुलं वाचवून त्यांच्या उश्या, पिशव्या. दुपारी तिच्या खोलीत बसलं की दोरीवर वाळणाऱ्या फुलांच्या सावल्या अंगावरून फिरायच्या आणि मी बसल्या बसल्या कुठल्याशा बागेत पोचायचो.

"घोरू नकोस, कापड हलतंय," असं ऐकू आलं की परत खुर्चीत.

अशाच एका दुपारी कोपऱ्यावरचे घड्याळजी आले. जन्मभर बारीक चाकं बघून डोळे पार अधू झालेले. हातात टेबलक्लॉथ.

"हिनं भरलेला. मधोमध विरलाय. ही गेल्यावर एवढाच उरलाय बघा. एक उशी करून द्या, हाताशी राहील."

आक्कानं सवयीनं पाठ बघितली. गाठीच गाठी, दोरे वाट्टेल तसे धावलेले.

"काय हो, वहिनींनी भरतकाम केलंय की भांडण?"

"दोन्ही!" घड्याळजी हसले.

आक्का आठ दिवस राबली. चारी कोपरे कापून जोडले, गाठी झाकायला आतून मऊ अस्तर लावलं. इतकी देखणी उशी मी तरी पाहिली नव्हती. घड्याळजींनी ती मांडीवर घेतली, बोटं फिरवली, पुन्हा फिरवली. चेहरा उतरला.

"छान आहे हो. पण ही तिची नाही वाटत."

"म्हणजे?"

"मी घड्याळ उघडून बसायचो, ती समोर बसून भरायची. फुलं तिच्याकडे, पाठ माझ्याकडे. मी जन्मभर गाठीच बघितल्या. आता दिसत नाही, म्हटलं निदान हाताला लागतील." मग हळूच विचारलं, "कापल्यात का?"

मी चटकन आक्काकडे बघितलं. गाठी छाटून पाठ साफ करायची, ही तर आक्काची शिस्त!

"एका कोपऱ्यातल्या छाटल्या," आक्का मान खाली घालून म्हणाली. "मग कंटाळा आला, म्हणून अस्तर लावलं."

तिचा कंटाळा मला आयुष्यात पहिल्यांदा आवडला. तिथल्या तिथे तिनं टाके उसवले, अस्तर काढलं आणि उशी उलटी शिवली. फुलं आत, गाठी बाहेर.

घड्याळजींची बोटं चालू लागली. एक कोपरा, दुसरा, तिसरा. डोळे मिटलेले, ओठ हलत होते, जणू समोर कुणी बसलंय. चौथ्या कोपऱ्यावर बोटं थांबली. तिथं सगळं गुळगुळीत.

"ही माझी चूक," आक्का पुटपुटली.

"असू दे," डोळे न उघडता ते म्हणाले. "भांडण झालं की ती अशीच गप्प बसायची."