शोभाताई दहा मिनिटं उशिरा येणार होत्या

सांगते, पण आधी एक कबूल करा. ऐकून झाल्यावर "तरी मी म्हणतच होते" असं कोणी म्हणायचं नाही. तसं म्हणणारे घरात एक आहेत, ते पुरेत.

मार्गशीर्षातले गुरुवार मी बावीस वर्षं करते आहे. यंदाचा संकल्प जरा वेगळा होता. यांची स्टील प्लांटमधली नोकरी संपत आली, मुक्ता नोकरीसाठी पुण्याला गेली, आणि माझ्या मनात एक डबा घोळत राहिला. उपासाचा डबा. कोणत्या व्रताला काय चालतं, काय नाही, हे लक्षात ठेवायला नोकरीवाल्या बायांना सवड कुठे असते? त्यांना तिथीप्रमाणे घरपोच. देवीला म्हटलं, माये, एवढं मार्गी लागू दे.

मुक्ताला फोनवर सांगितलं.

"आयडिया मस्त है आई. पण पहले व्हॅलिडेट तो कर."

"म्हणजे काय करू?"

"लोकांना पाहिजे का नाही ते पाहायचं. मी तुले एआय एजंट लावून देते. चार आहेत. एक आयडिया नीट करते, एक खोड काढते, एक गिऱ्हाइकाशी बोलते, एक रिपोर्ट लिहिते. तू फक्त मराठीत लिहून सांग."

चार माणसं माझ्या डब्यासाठी राबणार. मी चौघांनाही मनातल्या मनात नमस्कार केला.

दुसऱ्या सकाळी रिपोर्ट आला, बारा पानांचा. आता, पोथी वाचताना मी एक ओळ गाळत नाही. पण ही काही पोथी नव्हे. मी सरळ शेवटी गेले, फलश्रुती पाहायला. तिथे सात बाया होत्या, नावानिशी. चरोद्याच्या शोभाताई: नवरा रेल्वेत, स्वतः शाळेत शिक्षिका, सोमवार आणि चतुर्थी धरतात, साबुदाण्यानं पोट दुखतं, भगर आवडते. "असा डबा मी कधीची शोधत होते," असं म्हणाल्या होत्या.

मला भरून आलं. बावीस वर्षांत माझ्या भगरीबद्दल एवढं कोणी बोललेलं नाही. आणि शोभाताईंनी तर ती अजून खाल्लीही नव्हती.

त्यात बाया सात. उद्यापनाला सुवासिनी लागतात किती? सात. याला योगायोग म्हणायची माझी छाती नव्हती. मी एजंटांना लिहिलं, "या सगळ्यांना शेवटच्या गुरुवारी संध्याकाळी सहाला हळदीकुंकवाला बोलवा. डबा चाखतील, मत देतील. दुसऱ्या दिवशी मला कळवा." लगेच उत्तर आलं: सातही जणींनी आनंदानं होकार दिला आहे. शोभाताई शाळेच्या कामामुळे दहा मिनिटं उशिरा येतील.

आता तुम्हीच सांगा, जिला यायचंच नाही ती उशीर होईल म्हणून कशाला कळवेल?

समोरच्या क्वार्टरमधल्या नलूताई दरवर्षी माझ्या पहिल्या सुवासिनी. त्यांनी साडी वाळत घालता घालता विचारलं, "वहिनी, गुरुवारी किती वाजता येऊ?"

"यंदा सात भरल्या हो नलूताई."

"कोण सात?"

"बाहेरच्या आहेत. चरोदा, दुर्ग, तिकडच्या."

"हो का." त्यांनी दोरीवरची साडी काढली आणि आत गेल्या. साडी ओलीच होती.

गुरुवारी घट मांडला, सात डबे भरले. भगर, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी. देवीला दाखवायचं म्हणून अर्थातच काही चाखलं नाही. सहा वाजले. सव्वासहा झाले. सुवासिनींशिवाय उद्यापन व्हायचं नाही, आणि उद्यापन राहिलं की संकल्पही राहिला.

हे घड्याळाकडे तोंड करून, स्वेटर घालून बसले होते. "नाही आल्या का तुह्या बाया?"

"शोभाताई दहा मिनिटं उशिरा येणार आहेत."

"अन् बाकीच्या सहा?"

मी मुक्ताला फोन लावला.

"आई, वो लोग असली नहीं हैं."

"म्हणजे फसव्या आहेत?"

"म्हणजे नाहीतच. गिऱ्हाईक कसं बोलेल ते पाहाले एजंटनं मनानं बनवल्या. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं आहे ना."

मी पहिलं पान उघडलं. लिहिलं होतं.

"तरी मी म्हणतच होतो," हे म्हणाले. काय म्हणत होते, ते अजून कळलेलं नाही.

मी पदर सावरून समोरचं दार वाजवलं. "नलूताई, माझ्या सात जणी नाहीत."

"कावून? मेल्या का?"

"जन्मल्याच नाहीत."

नलूताईंनी चपला घातल्या, ओळीतली दारं वाजवली आणि पाच जणींना घेऊन आल्या. त्या धरून सहा. सातवी हवी म्हणून मी गेटशी गेले, तर उतई गावाहून भाजी विकायला येणारी फुलबाई टोपली घेऊन उभी. तिला टोपलीसकट आत घेतलं.

आरती झाली, हळदीकुंकू झालं, फळ आणि पोथी हाती दिली. मग डबे उघडले. मी हात जोडून म्हटलं, "मत अगदी खरं सांगा."

"छान." "मस्त झालं." नलूताई म्हणाल्या, "एक नंबर."

फुलबाईनं दोन घास खाल्ले आणि थांबली. "दीदी, नून डारे बर भुला गे हव का?"

मीठ. भगरीत नाही, आमटीत नाही, भाजीतही नाही.

"नलूताई, तुम्ही तर एक नंबर म्हणालात."

"मंग काय म्हणू? प्रसादाले नाव ठेवू?"

तेव्हापासून माझ्या डब्याचा पहिला घास फुलबाईचा असतो. देवीला आधी दाखवते, मग तिला.

उद्यापनाच्या दुसऱ्या सकाळी ठरल्याप्रमाणे एजंटांचं पत्र आलं. कार्यक्रम उत्तम पार पडला होता. सातही जणी आल्या होत्या. शोभाताईंनी खास कळवलं होतं की मीठ अगदी बेताचं होतं.

सगळं ठाऊक असूनही वाचून मला बरं वाटलं. मी उलट लिहिलंसुद्धा: आभारी आहे, पुढच्या वर्षी जरा वेळेवर या.