दामाजीच्या घरातलं गणित

कोपरच्या खाडीकाठी एका आळीत एकाच छपराखाली दोन घरं आहेत. दोन्हींच्या मधोमध, ओट्यावर, विटांची भिंत. भिंतीला गिलावा नाही. बांधणाऱ्याला घाई होती. अलीकडे दामाजी केणे राहतो, पलीकडे त्याचा धाकटा भाऊ सुदेश.

दामाजीचा डावा कान गेलेला आहे. तरुणपणी दोघं भाऊ खाडीतून रेती काढत. होडी उभी करायची, तळात बांबू रोवायचा, एकानं बांबूला धरून पाण्याखाली उतरायचं आणि बादली भरायची. वरच्यानं दोरी धरून बसायचं. खालून झटका आला की ओढायचं. खालच्याचा जीव वरच्याच्या हातात. एकदा दामाजीनं खालून झटका दिला तेव्हा सुदेश शेजारच्या होडीवाल्याशी भांडत होता. दामाजी आपला आपण वर आला, तेव्हा त्याच्या कानातून रक्त येत होतं. त्या संध्याकाळी त्यानं विटा आणल्या.

तेव्हापासून भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. बोलायचं असलं की मोत्याला बोलतात. मोत्या हा आळीतला कुत्रा, दोन्हीकडचं खाणारा. "मोत्या, लाज नाय तुला, दुसऱ्याचे दारान पानी सोडतंस!" असं दामाजी ओरडला की पलीकडची मोरी तुंबली आहे हे आळीला कळतं. पलीकडून सुदेश ओरडतो, "मोत्या, ज्याला एकच कान हाय त्यानं अर्धंच बोलावं!" मोत्या शेपटी हलवतो. त्याला दोघांकडून भाकरी मिळते.

सुदेशची मुलगी ऐश्वर्या इंग्रजी शाळेत शिकून कॉम्प्युटर इंजिनीअर झाली, ठाण्यात नोकरीला लागली. सुदेशनं आळीत पेढे वाटले. वाटत वाटत दामाजीच्या दारापर्यंत आला आणि पुढच्या दाराला गेला. त्या दिवसापासून दामाजीला इंग्रजी शाळा, कॉम्प्युटर, ठाणे आणि पेढे या चारही गोष्टींचा राग आहे.

आणि नेमकं त्याच्या पोरीला तेच हवं होतं.

दक्षता अकरावीला चांगल्या मार्कांनी पास झाली. बारावीच्या सुरुवातीला कॉलेजनं विचारलं, गणित ठेवणार की त्याच्या जागी भूगोल घेणार? पालकांनी येऊन सांगायचं, सही करायची. गणित गेलं की कॉम्प्युटर इंजिनीअरिंगचं दार बंद, हे दक्षताला पक्कं ठाऊक होतं. दामाजीचंही पक्कं ठरलं होतं. नाक्यावरच्या क्लासवाल्या विकीनं त्याला सांगितलं होतं, भूगोलात मार्क पडतात, गणितात पोरं पडतात.

"बाबा, मला कॉम्प्युटरला जायचंय. गणित लागतं रे त्याला," दक्षता म्हणाली.

"कॉम्प्युटर शिकाला कॉम्प्युटर लागतो. गणित कशाला?"

"अरे, तसं नसतं..."

"तो समोरचा संदेश तीन महिन्यांचा क्लास करून बिलं छापतो दुकानात. त्याला कोनी गणित विचारलं?"

"मला बिलं नाही छापायची."

"मग काय छापाचं हाय? नोटा?" दामाजी भिंतीकडे तोंड करून ओरडला, "ज्या घरान गणित शिरलं, त्या घरची मानसं कशी झाली ती बघतंय मी! आमचे घरान ती पीडा नको!"

पलीकडे टीव्हीचा आवाज वाढला.

दक्षता रडली नाही. तिनं गणिताचं पुस्तक पोटाशी धरलं आणि भिंतीला टेकून बसली. दामाजी सोमवारी कॉलेजात जाणार होता.

शेवंती, दामाजीची बायको, डोंबिवलीच्या बाजारात मासळी विकते. गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरून ते किती ताणेल हे ती ओळखते. नवऱ्याचा चेहरा तर तिच्या रोजच्या पाटीतला. रविवारी सकाळी कोलंबी सोलता सोलता ती सहज म्हणाली, "बरा केलात भूगोल. तुमचा भाऊ पन नाक्यावर तेच बोलत व्हता."

"काय बोलत व्हता?"

"दामाजीचे पोरीला गणित झेपाचं नाय, बोलत व्हता. हसत व्हती मानसं."

दामाजीचा हात चहाच्या कपावर थांबला. शेवंतीला वाटलं, आता हा सोमवारी गणित लिहून येईल. पण चाळीस गिऱ्हाइकं ओळखणाऱ्या शेवंतीची इथं चूक झाली. दामाजी उठला, ओटा उतरला, भिंतीला वळसा घातला आणि सुदेशच्या दारात जाऊन उभा राहिला. भिंत झाल्यापासून तो त्या दारात कधी गेला नव्हता. दारं उघडली. आळी बाहेर आली. शेवंतीही हातातली कोलंबी तशीच घेऊन मागोमाग आली. सुदेश असं काही बोललाच नव्हता. तो आता नाही म्हणणार, आणि खोटं उघडं पडणार.

सुदेश बाहेर आला. बनियनवर, हातात दाढीचा ब्रश.

"सुद्या," दामाजी म्हणाला. मध्ये मोत्या नव्हता. "माझे पोरीला गणित झेपाचं नाय, असं बोललास?"

सुदेशनं भावाकडे पाहिलं. मग त्याच्यामागे, भिंतीच्या कोपऱ्यावर, पुस्तक पोटाशी धरून उभ्या असलेल्या दक्षताकडे पाहिलं. शेवंतीची खाली गेलेली मानही पाहिली. गालावरचा साबण वाळत होता.

"बोललू," तो म्हणाला.

"परत बोल."

"परत बोलतंय. नाय झेपाचं. अर्ध्या पान्यातून वर येल ती."

"आमची मानसं तळाला हात लावल्याबिगर वर येत नाय!" दामाजीचा आवाज फुटला. "वरचा मानूस दोरी सोडून भांडत असला, तरी नाय!"

सुदेशचा चेहरा उतरला. त्यानं दार लावून घेतलं. आळीला वाटलं, दामाजी जिंकला.

सोमवारी कॉलेजच्या खिडकीशी दामाजी इतक्या मोठ्यानं "गणित!" म्हणाला की आतल्या बाईंनी पेन खाली ठेवलं. "काका, हळू बोला, कळलं," त्या म्हणाल्या. सही करून तो दक्षताकडे वळला. "आता वर बघाचं नाय. नापास झालीस तर त्या घराचे आधी मी हसेन तुला."

तेव्हापासून रोज संध्याकाळी दक्षता ओट्यावर बसते. दामाजी शेजारी, उजवा कान तिच्याकडे करून. त्याला त्यातलं अक्षर कळत नाही, पण तो सारखा म्हणतो, "मोठ्यानं वाच. भिंतीपलीकडं जाऊ दे." ती गणितं मोठ्यानं सोडवते. पलीकडे सुदेश टीव्हीचा आवाज वाढवतो. मग दामाजी तिला आणखी मोठ्यानं वाचायला लावतो. शेवंती दोघा भावांना शिव्या घालते.

परवा एका गणितावर दक्षता अडली. एक ओळ वाचली, खोडली, पुन्हा वाचली. मग गप्प झाली. दामाजी तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

पलीकडचा टीव्ही बंद झाला.

दामाजीनं मान वळवून चांगला कान भिंतीकडे केला. तिकडून काहीच आवाज येत नव्हता. कुणीतरी विटांना टेकून बसल्यासारखं वाटत होतं. दक्षतानं पेन्सिल चावली, वरच्या ओळीतलं एक चिन्ह बदललं, झरझर चार ओळी लिहिल्या आणि उत्तर मोठ्यानं वाचलं.

पलीकडे टीव्ही पुन्हा लागला, आधीपेक्षा मोठ्यानं.

"बघितलंस?" दामाजी भिंतीवर थुंकायला निघाला होता, तो थुंकी गिळून म्हणाला. "जळतो. पुढचं वाच."